अर्ध्या डोक्याची ईद

२६ मे, सोमवार

बकरा आला. सुलतानपूरहून टेम्पोत उभा राहून आला, वरातीतल्या मामासारखा. सुलतानपूरचा म्हणून गल्लीनं त्याचं नाव सुलतान ठेवून टाकलं, मले विचारलं बी नाही. काळाभोर, कपाळावर पांढरा टिपका. शिंगं, कान, डोळे, दात, चारी खूर, सारं तपासून आणलं. कुर्बानीचा बकरा बेऐब पायजे. लंगडा चालत नाही, काणा चालत नाही. अम्मीनं त्याच्याभोवती दोन चकरा मारल्या अन् म्हणली, "चोख हाये." अम्मीच्या तोंडून 'चोख' निघालं म्हणजे पुढं बोलायचं काम नाही.

यंदा पहिल्यांदा माह्या नावानं कुर्बानी. आजवर भाईजानच्या नावानं व्हायची. दुकान बी त्याचंच होतं, पाटी बी त्याचीच, मी आपला मांगे कापूस पिंजत बसायचो. गेल्या हिवाळ्यात वेगळा झालो. डोणगावच्या स्टँडमांगे गाळा घेतला, पिंजायची मशीन टाकली अन् पाटी लावली: 'तौसिफ गादी भांडार'. पाटी लागली त्या दिवशी रस्त्याच्या त्या बाजूनं उभा राहून मी ती किती वेळ वाचली, ते कोणाले सांगणार नाही.

गेल्या जुम्म्याले इमामसाहेबांनी दरसालचीच गोष्ट सांगतली. ज्याले कुर्बानी करायची आहे, त्यानं जिल्हिजचा, म्हणजे बकरीदेच्या महिन्याचा, चांद दिसला की कुर्बानी होईपर्यंत केस कापू नये, नखं काढू नये. दरसाली ऐकतो. पण यंदा वाटलं, हे मलेच सांगून राह्यले. मशिदीबाहेर चपला घालता घालता चारचौघांत बोलून गेलो, "यंदा माहा एक केस इकडचा तिकडे होणार नाही!" लोक हासले. हासू दे.

आता दुसरी गोष्ट, जे खरं तं पहिली आहे. येत्या रविवारी मलकापूरले जायचं आहे, शाहीनले पाहायले. म्हणजे मी पाहून बसलो आहे, आता तिच्या घरच्यांनी मले पाहायचं आहे. मेहकरच्या एका लग्नात ऐनवेळी नवरीच्या शराऱ्याची शिवण उसवली. बाया नुसत्या आरडून राह्यल्या. ही दातात सुई धरून खाली बसली अन् नवरीलेच दटावलं, "हालू नोको, नाहीतर तुले गालिच्यालेच शिवून टाकीन." मी गाद्या उतरवून राह्यलो होतो, गादी हातातच राह्यली. मलकापुरात तिचा शिवणक्लास आहे, सोताच्या कमाईवर चालते. मले तीच पायजे. दुसरी नाही.

याआधी दोन ठिकाणाहून नकार आला. दोन्हीकडे एकच कारण: पोराच्या डोक्यावर सदा कापूस असते, म्हातारा दिसते. म्हणून यंदा कटिंग अशी करून जाणार का मलकापूर पाहत राहीन.

२८ मे, बुधवार

आज लय राग आहे. कोणाचा राग ते बी समजून नाही राह्यलं.

सारे म्हणत होते चांद उद्या. मगरीबच्या नमाजनंतर पश्चिमेले ढग होते, मशिदीच्या गच्चीवरून लोक हात हालवत खाली उतरले. मले वाटलं, चला, उद्याचा दिवस हाती आहे. तरी शहाणपण केलं, म्हणलं आजच कापून घ्यावं. खरा शहाणा असतो तं दुपारीच गेलो असतो. पण दुपारी एका लग्नाच्या गाद्या द्यायच्या होत्या.

गुलाबरावच्या सलूनमध्ये बसलो. गुलाबराव लहानपणापासून माहे केस कापते. त्यानं मानेभोवती कपडा बांधला, कानापासून मशीन चालवली, उजवी बाजू मस्त बारीक केली, आरशात दाखवली. मी म्हणलं, वा! तो डावीकडे वळला, अन् तितक्यात मशिदीचा भोंगा वाजला. बाहेरगावाहून चांदाची शहादत, म्हणजे पाहणाऱ्याची साक्ष आली. चांद झाला. सात जूनले ईद.

मी खुर्चीतून उभा राह्यलो.

"काय झालं बे?" गुलाबराव म्हणे.

"चांद झाला."

"मंग मुबारक. बस खाली."

"नाही बसत. आता ईदेलेच."

त्याले समजायले वेळ लागला. समजलं तवा त्यानं मशीन बंद केली अन् कपाळाले हात लावला. "आमच्यात बी लोक श्रावणात कापत नाहीत, नवरात्रात दाढी ठेवतात, मले सारं माहीत हाये. पण बाप्पा, अर्ध्यावर कोणी उठते काय? हे डोकसं घेऊन तू गावात फिरशीन तं माह्या दुकानात कोण येईन? लोक म्हणतीन, गुलाबराव पेऊन कापते!"

"मी सांगीन ना सगळ्याइले, चूक चांदाची हाये म्हणून."

"चांदाले कोण विचारते? नाव माहं जाईन."

डाव्या बाजूचे केस कानावर लोंबून राह्यले, उजवीकडे टक्कल वाटावं इतकं बारीक. घरी आलो तं अम्मीनं आधी ओळखलंच नाही. ओळखल्यावर जे सुरू झाली, ते अजून चालू आहे. "काऊन उठला खुर्चीवरून? एक मिनिट बसला असता तं आभाळ पडत होतं? बकरा बेऐब आणला अन् मालकातच ऐब! रविवारी काय तोंड दाखवशीन मलकापूरले?"

रविवार. रविवार तं मी विसरलोच होतो.

३० मे, शुक्रवार

दोन दिवस दुकानात डोक्यावर दुपट्टा गुंडाळून बसलो. गिऱ्हाईक विचारते, डोकं दुखते काय? मी म्हणतो, हो, अर्धं.

जुम्म्यानंतर इमामसाहेबांजवळ गेलो. दुपट्टा काढला. भला माणूस, हासला नाही. दाढीत हात घातला, खाली पाह्यलं, खांदे मातर हालून राह्यले होते. मंग सांगतलं, ही गोष्ट मुस्तहब आहे. पाळली तं सवाब, नाही पाळली तं आपल्या हनफी लोकांत गुन्हा नाही, कुर्बानी तं कुठंच जात नाही. मी म्हणलं, अर्धं डोकं तासून अर्धं तसंच ठेवायले बी मनाई आहे म्हणतात. ते म्हणले, ते तासायच्या बाबतीत हाये, तुहे तासले कुठं, लहान झाले फक्त. राह्यलेले कापून घेतले तरी चालन, नाही कापले तरी चालन. "तुही मर्जी, तौसिफमियां."

तुही मर्जी! यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं. कापच म्हणले असते तं कापून मोकळा झालो असतो. कापू नोको म्हणले असते तं अम्मीले त्यांचं नाव सांगतलं असतं. आता सारं माह्यावरच.

३१ मे, शनिवार

खरं लिहितो, सकाळी हारलो होतो.

अम्मी रातभर बोलली नाही. सकाळी चहा ठेवला अन् म्हणली, "मी तुह्या जिवाले खात नाही. पण आता तिसरा नकार मले सोसणार नाही." तिच्या डोळ्यात पाणी होतं. बोलली असती तं मी भांडलो असतो, पाण्याशी काय भांडता?

उठलो, सरळ गुलाबरावकडे. तो इतका खूष झाला का समोरच्या गिऱ्हाईकाले उठवून मले बसवलं. कपडा बांधला. मशीन चालू केली. आरशात शाहीनचं तोंड दिसलं, म्हणजे मनात. मी डोळे मिटले.

अन् डोळे मिटले तवा पाटी दिसली. तौसिफ गादी भांडार. माह्या नावानं पहिली पाटी, माह्या नावानं पहिली कुर्बानी. अन् पहिल्याच चार दिवसांत मी काय करून राह्यलो? आरशाले भेऊन शब्द मोडून राह्यलो. कोणी जबरदस्ती केली नव्हती. मीच बोललो होतो, चपला घालता घालता. इमामसाहेबांनी मर्जी माह्यावर सोडली, तं मर्जी माही असली पायजे ना? अम्मीची नाही, मलकापूरची नाही.

पुन्हा उठलो.

गुलाबराव पाहतच राह्यला. "आता चांद तं झाला, आता काय सूर्य झाला काय बे?"

"गुलाबराव, ईदेच्या दिवशी तुमीच कापायचं. दुसऱ्या कोणाले हात लावू देणार नाही."

"मेहरबानी!" तो म्हणे, पण कपडा सोडताना त्यानं माह्या खांद्यावर थाप मारली. गिऱ्हाईकाले म्हणला, "पाहा लेका, एवढं पोट्टं जिद्दीचं हाये. माह्या हातचं हाये."

रविवारी डोक्याले रुमाल बांधून जाईन. झाकली मूठ सव्वा लाखाची.

१ जून, रविवार

आताच मलकापूरहून आलो. एस्टीनं कंबर मोडली, पण लिहिल्याशिवाय झोपणार नाही.

पहाटेच निघालो, मी अन् अम्मी. डोणगाव, मेहकर, चिखली, बुलडाणा अन् मंग घाट उतरून मलकापूर. उन्हाची तलखी अन् डोक्याले हा मोठा चौकटीचा रुमाल, कान झाकून घट्ट. गाडीत एका बाबानं मले हाजी समजून जागा दिली. घेतली, काय करता.

शाहीनचे अब्बा हबीबभाई, स्टेशनकडे त्यांचं कटपीसचं दुकान आहे. कमी बोलणारा माणूस. त्यांची भरपाई करायले त्यांची बहीण, शाहीनची नसीमा फुफी. फुफीनं बसायच्या आधीच विचारलं, "पोरगा हाजी हाये काय? इतक्या उन्हात बांधून आला."

अम्मीनं मान खाली घातली. मी म्हणलं, "नाही, ऊन लागते मले."

बोलणं चांगलं चाललं होतं. दुकानाचं विचारलं, मशीनचं विचारलं. अन् फुफीले काय बुद्धी झाली, म्हणे, "गादीवाला हाये तं हे आमची गादी पाहून दे, बसवत नाही." दिवाणावरची गादी. मी हात ठेवला अन् विसरलो का मी नवरदेव म्हणून आलो आहे. गोळेच गोळे! वाकलो, दोन्ही मुठींनी ठोकली, कोपरा उचकटला. "कोणं भरली हे? चिंध्या घातल्या आत! कापूस तं नावाले हाये. ज्यानं भरली त्याले यावरच झोपवलं पायजे!" वाकून वाकून ठोकता ठोकता रुमालाची गाठ सुटली अन् रुमाल गादीवर पडला.

 पंख्याचा वारा डाव्या झुलपाले लागला.

फुफी किंचाळली, "या अल्ला, याच्या डोक्याले काय झालं!"

आतल्या दारामांगे कोणीतरी फुस्सकन हासलं. मले वाटलं, झालं. गेलं मलकापूर हातचं. आता लपवून काय करता? उभा राह्यलो अन् सारं सांगून टाकलं. यंदा माह्या नावानं कुर्बानी, गुलाबरावची खुर्ची, भोंगा, अर्ध्यावर उठलो ते. इमामसाहेबांनी सूट दिली ते बी सांगतलं, खोटं काऊन बोलू.

फुफीनं हात उडवला. "सूट होती अन् तरी असा आला? डोक्याचं काम अर्ध्यावर सोडणारा संसार बी अर्ध्यावरच सोडन."

माही खोपडी सटकली. अम्मीनं शर्ट ओढला तरी बोललोच. "फुफी, डोकं अर्धं राह्यलं कारण शब्द पुरा करायचा हाये. शब्द अर्धा ठेवून डोकं पुरं केलं असतं, तं तुमाले पटकन पसंत पडलो असतो. पण मंग तुमच्या पोरीले काय भेटलं असतं?"

हबीबभाईंनी माह्याकडे पाह्यलं. 

तितक्यात शाहीन चहाचे कप उचलायले आली. आज तिले जवळून पाह्यलं, अन् कुठं पाहू कुठं नाही असं झालं, तं हातच पाह्यले. मजेशीर हात. उजव्या हाताची नखं बारीक, बोटाच्या कडेले लागून कापलेली. डाव्या हाताची वाढलेली, पाचही. आता शहराकडे अशी फॅशन निघाली असन. नाहीतर शिवणकामाले बरं पडत असन, कापड धरायले. फुफीनं पाह्यलं तसा तिनं तो हात ओढणीत घेतला.

जाता जाता थांबली अन् सरळ मलेच विचारलं, "तुमी खुर्चीवरून कवा उठले? भोंगा वाजायच्या आधी का नंतर?"

"नंतर. लगेच."

"म्हणजे जे आधी कापलं ते माफ, अन् राह्यलं ते ईदेपर्यंत तसंच?"

"हाव."

"अच्छा," ती म्हणली, अन् कप घेऊन गेली. माहा कप भरलेलाच होता, तो बी घेऊन गेली. थोड्या वेळानं माह्यासाठी एकट्यासाठी दुसरा चहा आला, अद्रकवाला.

आता पोरीनं हे असं काऊन विचारलं? वकिलासारखं! बहुतेक मले खोटं पाडायचं होतं. अन् चहा, तो तं कोणत्याही पाहुण्याले देतात.

गेलं म्हणा हे बी. पण एक सांगतो, येताना घाटात खिडकीत रुमाल सोडून बसलो. अर्ध्या डोक्याले वारा लागला. बरं वाटलं.

२ जून, सोमवार

घ्या! मलकापूरचं काही उत्तर नाही, अन् इकडे अम्मीच नाही म्हणून राह्यली.

"पाह्यली काय तिची नखं? एका हाताची एवढी एवढी. नखरेवाली हाये. कणीक कशी मळन? नखातली घाण भाकरीत जाईन."

"अम्मी, आपल्यालेच नकार यायचा हाये, तू काय नकार देऊन राह्यली?"

"मी देऊन ठेवते. मंग त्याइचा आला तं लागणार नाही."

नकटीच्या लग्नाले सतराशे विघ्नं. मी म्हणलं, त्याइनं माहं डोकं खपवून घेतलं, तुले तिच्या पाच नखांचं काय पडलं? अम्मी म्हणे, डोकं तं अल्लाच्या नावानं ठेवलं आपण, नखं कोणाच्या नावानं ठेवली तिनं?  खरंच, फॅशनले काय उत्तर असते? मी म्हणलं, "लग्न झालं का मी सांगीन तिले कापायले. ऐकन."

अम्मी हासली. दोन दिवसांतलं पहिलं हासणं. "तुहं ऐकन? जिनं तुह्या हातचा भरलेला कप उचलून नेला?"

४ जून, बुधवार

सुलताननं आज अर्धी उशी खाल्ली. नवी, गिऱ्हाईकाची. मारायले हात उचलला अन् त्यानं माह्या डाव्या बाजूचे केस तोंडात धरले. जोरात ओढले. म्हणलं, बाबा, तू तरी तोडू नोको, तुह्याचसाठी ठेवले.

मंग त्याच्याजवळच बसून राह्यलो. ईदेचं मनात आलं अन् त्याची मान खाजवत राह्यलो. अब्बा असते तं म्हणले असते, जे प्यारं नाही ते देण्यात काय आहे.

५ जून, गुरुवार

हबीबभाईंचा फोन आला!!

हो म्हणले. हो! म्हणले, "तौसिफमियां, आमची पोरगी आजवर कोण्या गोष्टीले एका झटक्यात हो म्हणली नव्हती. तुमी घाट बी चढला नसान, हिनं तवाच आईच्या कानात सांगतलं. मी मुद्दाम चार दिवस थांबलो, विचार बदलते काय पाहायले. आता नसीमाची फक्त एक अट हाये."

"बोला."

"ते गादी भरून पायजे. चिंधी निघाली तं लग्न मोडन म्हणते."

म्हणलं, फुफीले सांगा, माह्या मशिदीची आण, म्हणजे मशीनची, अशी भरून देईन का उठायले मन होणार नाही. काय बोलून राह्यलो मलेच समजेना. दुकान तसंच उघडं टाकून धावत गुलाबरावकडे गेलो. त्यानं आरशासमोर सगळ्याइले ओरडून सांगतलं, "पाह्यलं? माही कटिंग पसंत पडली मलकापूरले!" अर्धी तं त्याचीच आहे, हक्क आहे त्याचा.

अम्मी म्हणते, हे सारं तिनं नेलेल्या शेवयांमुळे झालं. नखांचं आता काढत नाही. म्हणजे थोडंसंच काढते.

मले मातर अजून समजलं नाही, का शाहीननं हो काऊन म्हणलं. कीव आली असन काय? कीव येऊन कोणी अद्रक घालत नाही.

६ जून, शुक्रवार

आज अरफ्याचा, ईदेच्या आदल्या दिवशीचा रोजा. तोंडाले कोरड. सुलतानले आंघोळ घातली, कपाळावरचा टिपका दुधासारखा निघाला. तो माह्या हातातून पाणी पेला, मी पाहत राह्यलो.

७ जून, शनिवार. ईद.

ईदगाहले रुमाल न बांधता गेलो. नुसती टोपी. एका बाजूनं झुलपं, एका बाजूनं सफाचट. दोन आठवड्यांआधी चपला घालता घालता जे हासले होते, तेच आज गळ्यात पडले. एक म्हातारा म्हणला, "एक केस इकडचा तिकडे नाही बेटा, मी पाहून राह्यलो होतो." मान ताठ ठेवून चाललो.

कसाई सगळ्या गावात फिरून दुपारी आला. मी सुलतानले धरलं, मान कुरवाळली. डोळे भरून आले, पुसले नाहीत. जबा करायच्या आधी इमामसाहेबांनी विचारलं, "कोणाच्या तर्फे?"

अम्मी पुढं झाली. मोठ्यानं म्हणली, "तौसिफच्या तर्फे."

आजवर अशा वेळी माहं नाव कोणी घेतलं नव्हतं. पाटीवर लिहिणं वेगळं, अन् हे ऐकणं वेगळं. आतून असा भरून आलो का सांगता येत नाही.

वाटे करून झाले. एक घरचा, एक सोयऱ्याइचा, एक गरिबाइचा. गुलाबराव आपली पेटी घेऊन घरीच आला, म्हणे, दुकानात बोलावलं तं पुन्हा अर्ध्यावर उठशीन. अंगणात खुर्ची टाकली. मानेभोवती कपडा बांधला अन् मलकापूरहून फोन आला. हबीबभाईंचा. मुबारकबाद झाली. अम्मीनं मले स्पीकर लावायले लावला, कारण तिच्या दोन्ही हाताले मसाला लागला होता. मंग तिकडून शाहीनचाच आवाज.

"सलाम अम्मी. ईद मुबारक. तुमची कुर्बानी झाली काय?"

"आत्ताच झाली बेटा. कसाई उशिरा आला."

"मंग आता कापू?"

"काय कापू?" अम्मी म्हणली.

"नखं. डाव्या हाताची. यंदा क्लासच्या कमाईतून मी माह्या नावानं कुर्बानी केली ना. चांद झाला त्या दिवशी उजव्या हाताची कापून झाली अन् भोंगा वाजला. डावा हात तसाच राह्यला. लय बोलणी खाल्ली फुफीची, पण कापली नाहीत. आमची कुर्बानी तं सकाळीच झाली. म्हणलं, तिकडची होऊ द्या, मंग कापते."

 माह्या डोळ्यापुढून तो उचललेला भरला कप गेला, ओढणीत घेतलेला हात गेला, 'भोंगा वाजायच्या आधी का नंतर' गेलं, अद्रकवाला चहा गेला. अन् मी गाढव, फॅशन म्हणून लिहून बसलो! कपाळावर हात मारायले उचलला तं कपड्यात गुंतला.

अम्मीनं मातर मसाल्याच्या हातानं तोंडच झाकलं. "हाय अल्ला, अन् मी तुह्या नखाइले किती बोलली! माफ कर वं माय. कणीक मी मळीन. जिंदगीभर मीच मळीन."

"काय बोलल्या अम्मी?" तिकडून हासू आलं. "मले सांगा तं खरं."

"काही नाही, काही नाही!"

मी म्हणलं, "शाहीन, थांब. माही डावी बाजू बी बाकी हाये. गुलाबराव मशीन घेऊनच उभे हायेत. संगच कापू."

"चला मंग," ती म्हणली. "बिस्मिल्ला."

फोन खिडकीत ठेवला. इकडे गुलाबरावची मशीन गुणगुणली, तिकडून नखं कापायचा आवाज आला, टिक, मंग टिक. अम्मी फोनजवळ कान नेऊन ऐकत उभी राह्यली अन् शाहीनचं पाचवं नख झालं तवा गुलाबरावनं कपडा झटकला.

आज जास्त लिहीत नाही. मानेले बारीक केस टोचून राह्यले अन् फुफीची गादी यायची आहे.